तामालादा भरवायची असेल तर

माझ्या पहिल्या तामालादेला, म्हणजे नाताळाआधी बायका जमून मक्याच्या पिठाचे तामाल वाफवतात त्या घाटाला, मी नवा कुर्ता घालून, कानात झुमके अडकवून, हातात बर्फीचा डबा घेऊन गेले होते. दार उघडणाऱ्या बाईनं डबा घेतला, फ्रिजच्या डोक्यावर ठेवला आणि माझ्या हातात एप्रन दिला. बर्फीची आठवण झाली ती दुपारी चारला. तेव्हा पहिली सूचना हीच: जुने कपडे घाला, बाह्या वर सरकतील असे. झुमके घरी ठेवा.

मी कराडची. नवऱ्याच्या नोकरीपायी २०११ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला आले आणि पुढची चार वर्षं व्हिसाच्या नियमापायी घरात बसून काढली. मे २०१५मध्ये नियम बदलला, माझ्यासारख्या काही बायकांना कामाचा परवाना मिळू लागला आणि मी एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात लागले. तिथं आम्ही सात जणी. सरकारी फॉर्मवर त्यातल्या सहा जणी ‘लॅटिना’, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या. पण आपापसात हा शब्द मी फारसा ऐकला नाही. कुणी मेखिकाना, कुणी तेहाना, म्हणजे जिचं घराणं टेक्सास मेक्सिकोत होतं तेव्हापासून इथंच आहे अशी, आणि एक होंडुरासची. होंडुरासवाली मक्याच्या सालपटाऐवजी केळीच्या पानात तामाल बांधते आणि त्यावरून दरवर्षी अर्धा तास वाद होतो. मी पातोळ्यांना हळदीचं पान लागतं असं सांगून एकदा त्या वादात तेल ओतलं होतं.

तामाल म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या सालात गुंडाळून वाफवलेली वळकटी. अनेक झाले की तामालेस. नाताळाच्या आधी घरच्या, शेजारच्या, कामावरच्या बायका एका दिवशी जमून ते डझनांनी करतात, त्या दिवसाला तामालादा म्हणतात. ज्यांनी आईच्या गच्चीवर कुरडयांचा घाट घातलेला पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. आज आमच्याकडे, परवा तुमच्याकडे, आणि ज्या घरी घाट त्या घरी सगळ्यांचा चहा.

आधी माणसं

वीस डझनांचा बेत असेल तर दहा-बारा जणी लागतात. त्याहून कमी असतील तर रात्र होते, जास्त झाल्या तर निम्म्या नुसत्या उभ्या राहतात. बोलावताना ‘येशील का’ विचारू नका. आमच्या गटातल्या थोरल्या बाई, वय ऐंशी, सगळे त्यांना आदरानं दोन्या म्हणतात, त्या फोनवर फक्त एवढंच विचारतात: ‘किती वाजता येतेस आणि काय आणतेस?’ एकीनं मोठं भांडं, एकीनं सालं, एकीनं मिरच्या, दोघींनी मिळून मांस. यजमानीण सगळं सामान स्वतः आणून ठेवते तेव्हा बाकीच्या पाहुण्या होतात, आणि पाहुण्या काम करत नाहीत. मला हे जमायला तीन वर्षं लागली. आपल्याकडे ‘तुम्ही बसा हो, मी करते’ हे इतकं मुरलेलं असतं की माझ्या घरच्या पहिल्या तामालादेत मी आदल्या रात्री जागून सगळं सारण एकटीनं करून ठेवलं. कौतुक होईल असं वाटलं होतं. दोन्या सारणाकडे बघून म्हणाल्या, ‘मग आम्ही कशाला आलो, मिहा?’ मिहा म्हणजे लेकी. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मला झोंबलं.

आता यातली खरी विद्या. कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं, हे पिठाआधी ठरतं. मला वाटायचं, ज्या जशा येतील तशा बसतात. तसं नाही. दोन्या डोळ्यानं पानं मांडतात. नवी सून सासूच्या शेजारी कधीच नाही, सासूच्या बहिणीच्या शेजारी. म्हणजे पद्धत घरची कळते आणि चूक झाली तर घरी पोचत नाही. एका वर्षी त्यांच्या पुतणीची एकोणीस वर्षांची मुलगी कॉलेज सोडायच्या बेतात होती. तिला त्यांनी बसवलं अशा एका बाईच्या शेजारी, जी तीन मुलं वाढवून चाळिशीत नर्स झाली होती. कुणी उपदेश केला नाही. त्या बाईनं मुलीला साल कसं धरायचं ते दाखवलं आणि स्वतःच्या शरीररचनाशास्त्राच्या पेपरात पहिल्यांदा कशी आपटली ते हसत हसत सांगितलं. चार तास हात चालू, डोळे खाली, समोरासमोर बघायचं बंधन नाही. अशा वेळी माणूस जे विचारतं ते सोफ्यावर बसून विचारत नाही. मुलगी त्या वर्षी कॉलेजात राहिली. पुढं तिनं विषय बदलला, ते वेगळं.

माझंही असंच झालं. शाळेच्या स्वयंपाकघरात वरची जागा रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी अन्नसुरक्षेची परीक्षा द्यावी लागत होती. इंग्रजी वाचायला मला अडचण नव्हती, पण फॅरनहाइटचे आकडे डोक्यात राहत नव्हते. मला होंडुरासवालीच्या शेजारी बसवलं. ती तेव्हा शाळा सुटल्यानंतर वीस वर्षांनी बारावीच्या तोडीची परीक्षा देत होती. दर दहाव्या तामालला ती मला विचारायची: थंड पदार्थ किती? ४१च्या खाली. गरम ठेवलेला? १३५च्या वर. कोंबडी? १६५. मी तिला अपूर्णांकांच्या बेरजा विचारायचे. सहा डझनांत दोन डझन मिळवले तर ते दोन एकूणाचा कितवा भाग झाले, असलं गणित समोर ताटात असतं. आम्ही दोघी त्या वसंतात पास झालो. आकडे अजून मला स्पॅनिश उच्चारात आठवतात.

म्हणून तामालादा भरवताना कागदावर नावं लिहून शेजार लावा. कोण काय शिकतंय, कुणाची नोकरी गेलीय, कुणाला आईची आठवण येतेय. आणि हे लावलंय असं कुणाला सांगू नका.

मासा, सालं आणि सारण

पीठ भिजवून मळलं की त्याला स्पॅनिशमध्ये मासा म्हणतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती दहा मिनिटं ‘अगं पण कुठला मासा?’ एवढंच विचारत होती. हा मका साधा दळलेला नसतो. आधी तो चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरवतात. आपल्या पानाला लागतो तसाच चुना. त्यानं दाण्याचं टरफल सुटतं, पीठ चिकटून येतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. मका जगभर गेला, पण ही चुन्याची युक्ती सोबत गेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या युरोपातल्या नि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग झाला. अशा मुरवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात, शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला, तामालही त्यातलाच.

घरी मका भिजवायच्या फंदात पडू नका. गिरणीतून किंवा तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, करणाऱ्या दुकानातून ओला मासा मिळतो. ‘प्रेपारादा’ मागितला तर त्यात चरबी, मीठ आधीच घातलेलं असतं. साधा हवा असेल तर ‘सिन प्रेपारार’ म्हणा. हे वाक्य माझ्यासारख्या शाकाहारी घरातल्यांनी पाठच करावं, कारण ती चरबी म्हणजे मांतेका, डुकराची. दुकान जवळ नसेल तर कोरडं मासा हारिना आणा. मक्याचं नेहमीचं पीठ चालत नाही, त्याची वळकटी विस्कटते.

वीस डझनांना, टेक्सासकडच्या सडपातळ तामालेसच्या हिशेबानं, सोळा ते अठरा पौंड साधा मासा पुरतो. पाच पौंडांना साधारण दीड पौंड मांतेका. आधी मांतेका एकटी फेटायची, पांढरी आणि हलकी होईपर्यंत, मग मासा थोडा थोडा घालत जायचं, कोमट रस्सा, मीठ, थोडी बेकिंग पावडर. फेटून झालं की गार पाण्याच्या वाटीत बोराएवढी गोळी टाकायची. तरंगली तर झालं. बुडाली तर आणखी फेटा, हात दुखला तर पुढचीला द्या. माझ्या वाटणीचा मासा मी वनस्पती तुपात फेटते, रश्शाऐवजी भाज्यांचं पाणी. तो जड होतो असं दोन्या दरवर्षी म्हणतात, आणि दरवर्षी दोन खातात.

आम्ही बारा डझन मांसाचे करतो, पाच डझन चीज आणि भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्यांचे, तीन डझन गोड, बेदाणे, दालचिनी आणि पेकान, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा, घालून. मांसाला दहा पौंड डुकराचा खांदा लागतो, आदल्या दिवशी शिजवून, तंतू काढून, अँचो आणि ग्वाहियो या सुक्या मिरच्यांच्या वाटणात घोळवून ठेवतात. मिरच्या कोरड्या तव्यावर नुसत्या शेकायच्या. काळ्या झाल्या की सगळं कडू.

सालं आदल्या रात्री किंवा निदान दोन तास गरम पाण्यात बुडवून ठेवायची, वर वजन ठेवून. मोजून भिजवू नका, फाटकी बरीच निघतात. फाटक्यांच्या पट्ट्या करा: शाकाहारी तामालला एक गाठ, गोडाला दोन. माझ्या पहिल्या वर्षी ही खूण दोन्यांनीच शोधली, मला न विचारता.

टेबलाभोवती

सालाची एक बाजू खरखरीत असते, एक गुळगुळीत. पीठ गुळगुळीत बाजूला लावायचं, चमच्याच्या पाठीनं, रुंद टोकाकडून खाली ओढत, निमुळतं टोक मोकळं सोडून. जाडी साध्या थालीपिठाहून कमी. लावणाऱ्या बायकांना एम्बारादोरास म्हणतात आणि टेबलाच्या लांब बाजू त्यांच्या. सहा-सात जणी लावतात, दोघी सारण भरतात, दोघी दुमडतात, एकीनं भांडं सांभाळायचं. लहान मुलांना सालं पुसायला बसवा. नवखीला लावायलाच बसवायचं, भरायला नाही, कारण नवखी सारण नेहमी जास्त भरते.

पहिल्या तासात गप्पा वरवरच्या असतात. तिसऱ्या तासाला खऱ्या सुरू होतात. दोन्यांच्या आईची गोष्ट मी अशीच तिसऱ्या तासाला ऐकली. ती १९३०च्या दशकात याच शहराच्या पश्चिम भागात पेकान सोलायला जायची. अरुंद खोल्या, भुकटीनं भरलेली हवा, अनेकींना क्षय, आणि मजुरी पौंडामागे काही सेंट. तीही आणखी कमी केली तेव्हा ३१ जानेवारी १९३८ला काम बंद पडलं. सुमारे बारा हजार मजूर बाहेर आले, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका. त्यांच्या पुढं होती एमा तेनायुका. वय एकवीस. तिला ला पासिओनारिया म्हणायचे, म्हणजे कृष्णकमळ. अश्रुधूर झाला, शेकड्यांनी अटका झाल्या. महिन्याहून जास्त चाललेला संप मार्चमध्ये लवादाकडे गेला. त्याच वर्षी देशात ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा आला, आणि मालकांनी यंत्रं आणून हजारो जणींना काढलं. दोन्या हा शेवट गाळत नाहीत. ‘आई जिंकली आणि घरी बसली,’ म्हणाल्या, आणि पुढचं साल उचललं. त्यांच्याकडे गोड तामालमध्ये पेकान का घालतात, आणि ते सोललेले विकत न आणता घरी का फोडतात, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर फोडायचा कंटाळा मी केला नाही.

रुसवे-फुगवे असतील तर ते दाराबाहेर ठेवायची पद्धत आहे. चिडक्या माणसानं हात लावला तर तामालेस ‘पिंतो’ होतात, म्हणजे अर्धे कच्चे, ठिपकेदार, असा पक्का समज आहे. भांड्याच्या कानांना सालाच्या पट्ट्या बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. मी हसत नाही. आमच्या घरी पापडाच्या लाट्यांना बाहेरच्याची नजर लागायची.

भांडं

उंच भांड्याच्या तळाशी पाणी, वर चाळण, चाळणीवर सालांचा थर, आणि तामालेस उभे, उघडं तोंड वर. मोदकपात्र मोठं केलं तर जे होईल तेच. फार दाबून भरू नका, पीठ फुगतं. वरून सालं, ओला पंचा, झाकण.

आणि तळाच्या पाण्यात एक नाणं. माझ्या घरच्या त्याच पहिल्या तामालादेत भांडं दोन्यांचं होतं. धुताना तळाशी एक नाणं सापडलं. कुणाचं तरी पडलंय असं समजून मी ते घासूनपुसून ओट्यावर ठेवलं आणि मोठ्या प्रामाणिकपणे विचारलंसुद्धा, कुणाचे पंचवीस सेंट? टेबलावर इतका गोंगाट होता की कुणाला ऐकू गेलं नाही. दीड तासानं जळका वास आला. पाणी आटलं होतं, तळ काळा, सहा डझन धुरकट. पाणी उकळत असतं तोवर नाणं तळाशी खुळखुळत राहतं. आवाज थांबला की बाजूनं उकळतं पाणी घालायचं. पाणी आहे का हे बघायला झाकण उघडून वाफ घालवायची गरज नाही, आणि गप्पाही तोडाव्या लागत नाहीत, एक कान तिकडे असला की झालं. ते धुरकट तामालेस कुणी टाकले नाहीत. सालं बदलून पुन्हा वाफवले आणि ‘इंडियन स्मोक्ड’ म्हणून आपापसात वाटून घेतले. अजून चिडवतात.

मोठ्या भांड्याला दीड ते दोन तास लागतात. मधला एक काढून बघा. साल पिठाला न चिकटता सुटलं तर झालं. गॅस बंद करून पंधरा मिनिटं थांबा, लगेच काढलेला मऊ लागतो आणि लोकांना वाटतं कच्चा राहिला.

आणि भिशी

तामालेस वाफेवर असतात त्या दोन तासांत दुसरं काम उरकतं. तांदा. उत्तर मेक्सिकोच्या बायका तिला कुंदिना म्हणतात, आपण भिशी. आमची दहा जणींची आहे. दर पंधरवड्याला पगाराच्या दिवशी १०० डॉलर, जिचा नंबर तिला १,०००, वीस आठवड्यांत फेरी पूर्ण. चिठ्ठ्या तोर्तिया गरम ठेवायच्या टोपलीतून उचलतात. फेरी जानेवारीच्या दुसऱ्या पगारापासून सुरू करा. डिसेंबरात सुरू केली तर पहिल्याच हप्त्याला रडारड.

नवी बाई असेल तर तिला शेवटचे नंबर. चालवणारी पहिला नंबर घेते, कारण कुणी बुडवलं तर तिच्या पदरचे जातात. म्हणूनच ती कुणाला घ्यायचं ते एकटी ठरवते, मतदान नाही. नंबर बदलून मागता येतो आणि कारण विचारायचं नाही. एकीनं त्या पैशात गाडीचे ब्रेक केले, एकीनं शिलाई मशीन घेतलं, एकीनं नागरिकत्वाच्या अर्जाची फी भरली. चौथीनं काय केलं ते आम्हाला माहीत नाही, आणि ते ठीक आहे. कागदपत्र काही नसतं, वही असते. तेव्हा बुडाले तरी घर चालेल एवढीच रक्कम लावा.

मी एकदा शहाणपणा केला. आमच्याकडे लिलावाची भिशी असते, ज्याला आधी हवी तो कमी रकमेवर उचलतो आणि उरलेलं सगळ्यांत वाटतात, असं समजावून सांगितलं. मला वाटलं, सगळ्यांचा फायदा. दोन्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, ‘म्हणजे जिला गरज जास्त, तिच्याच हातात कमी?’ मी कराडला वीस वर्षं भिशी पाहिली होती. असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

वाटणी

मोजणी करणारी आणि वाटणारी वेगळी असावी. जिनं हात लावला तिला सारख्या डझनांची पिशवी, मग ती उशिरा आली असली तरी. आजारपणामुळे न आलेलीची पिशवी आधी काढायची. सालासकट गोठवले तर दोन-तीन महिने टिकतात, पुन्हा वाफवायचे, मायक्रोवेव्ह केला तर ओल्या कागदात गुंडाळून. विकायचा विचार असेल तर आधी शहराच्या आरोग्य खात्याचे नियम वाचा, मांसाच्या तामालला वेगळे असतात.

थोडे पीठ-सालं राखून ठेवा. ६ जानेवारीला गोल गोड पाव कापतात, रोस्का. त्यात लपवलेली छोटी बाहुली जिच्या वाट्याला येते तिनं २ फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तामालेस घालायचे. २०१९ला ती माझ्या तुकड्यात निघाली. मी ती जिभेखाली दडवायचा विचार केला होता, पण दोन्या माझ्याकडेच बघत होत्या.

मागून आणलेलं भांडं दुसऱ्या दिवशीच परत करायचं. रिकामं देऊ नये, हे आपल्यालाही माहीत आहे. आत सहा तामालेस ठेवा. नाणं तळाशी आहे ना, ते हलवून बघा.